मळात मक्याचे दाणे दिसले म्हणजे आतडी निकामी झाली का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. वय ३८, घर गोव्यात फोंड्याजवळ, नोकरी कुंडईच्या कारखान्यात, अधूनमधून रात्रपाळी. गेले तीन महिने जेवण झालं की पोट फुगतं, दिवसातून दोन-तीनदा शौचाला जावं लागतं, आणि मळात मक्याचे दाणे, आळसांद्यांच्या (चवळीच्या) साली, टोमॅटोची सालं, तायखिळ्याच्या (टाकळ्याच्या) पानांचे तुकडे जसेच्या तसे दिसतात. ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की आतडी कमजोर झाली आहेत, वर्षानुवर्षांचा मळ आत चिकटून बसलाय, तो निघाल्याशिवाय खाल्लेलं अंगी लागायचं नाही. तेव्हापासून दर रविवारी तुम्ही एरंडेल घेता. मासळी आणि कडधान्यं सोडली आहेत आणि दोन्ही वेळा आईने दिलेल्या पेजेवर आहात. वजन तीन किलोंनी उतरलंय. आता कुणीतरी आतडी धुऊन देणारं पॅकेज सुचवलंय, ते घ्यावं का, असं तुम्ही विचारताय. आणि अगदी शेवटी, जाता जाता, लिहिलंय की चार महिन्यांपूर्वी साखरेची, म्हणजे मधुमेहाची, गोळी सुरू झाली.

पॅकेज घेऊ नका आणि या रविवारचं एरंडेलही घेऊ नका, एवढं आधीच सांगून टाकतो. बाकीचं सविस्तर लिहितो.

तुमच्या बोलण्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. तुमचं आतडं अन्न शोषून घेतंय की नाही, हा एक. मळात काय दिसतं त्यावरून ते ठरवता येतं का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर मी इथूनच देऊ शकतो: बहुतेक वेळा नाही. पहिल्याचं उत्तर तुम्हाला तपासल्याशिवाय कुणी देऊ नये, मीही देणार नाही. पण असा रुग्ण समोर बसला की मी कुठल्या गोष्टीला किती महत्त्व देतो आणि का, ते सांगू शकतो. तीन महिन्यांचं दुखणं आणि उतरलेलं वजन सोडून देण्यासारखं नसतं. तुमची काळजी रास्त आहे, पण तुम्ही चुकीच्या टोकाला बघत आहात.

पचन म्हटलं की माणसाचा हात जातो जठरावर. जठराचं काम आहेच, पण ते पूर्वतयारीचं. अन्न घुसळायचं, आम्लात भिजवायचं, प्रथिनांची पहिली मोडतोड करायची आणि पातळ झालेला ऐवज थोडाथोडा पुढे सोडायचा. साधं जेवण जठरातून पुढे जायला दोन ते चार तास लागतात. खरं पचन त्याच्या पुढे, लहान आतड्यात होतं. त्याच्या पहिल्या वीतभर भागात, ज्याला आम्ही ड्युओडेनम म्हणतो, यकृताकडून पित्त आणि स्वादुपिंडाकडून पाचक रस येऊन मिळतात. पित्त चरबीचे बारीक थेंब करतं. स्वादुपिंडाचे रस पिष्ट, प्रथिनं आणि चरबी तिन्ही फोडतात. शेवटची तोडणी आतड्याच्या भिंतीवरच होते आणि तिथूनच ते कण रक्तात जातात. पुस्तकांत लहान आतड्याची लांबी सहा मीटरच्या आसपास दिलेली असते, ती मृत्यूनंतर सैल पडलेल्या आतड्याची. जिवंत माणसात स्नायू ताणलेले असल्यामुळे ती बरीच कमी भरते.

हा भाग मला रोज दिसतो, म्हणून जरा थांबून सांगतो. एंडोस्कोपीची दुर्बीण जठराच्या दारातून पुढे सरकवली की चित्र एकदम बदलतं. जठराच्या जाड वळ्या संपतात आणि एकामागून एक गोल कडी लागतात. त्यांच्यावरून पिवळं पित्त ओघळत असतं. दुर्बिणीतून थोडं पाणी सोडून अगदी जवळ गेलं की कड्यांच्या पृष्ठभागावर मखमलीसारखी लव दिसते, आणि पाण्यात ती लव उभी राहून हलते. हेच ते अंकुर, डॉक्टरांच्या भाषेत व्हिलाय. एकेक जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर उंच, आणि प्रत्येक अंकुरावरच्या प्रत्येक पेशीला पुन्हा सूक्ष्म केसांसारखी झालर. जुन्या पुस्तकांत या सगळ्याचं क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढं सांगत. २०१४ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी ते नव्याने मोजलं, तेव्हा तोंडापासून गुदद्वारापर्यंतच्या सगळ्या पचनमार्गाचं मिळून सुमारे ३२ चौरस मीटर भरलं, आणि त्यातला फार मोठा वाटा लहान आतड्याचा. पोटाच्या एवढ्याशा पोकळीत एवढी जागा मावते ती या अंकुरांमुळे. अंकुर झिजून सपाट झाले तर आतड्याची लांबी तेवढीच राहते, पण शोषण कोसळतं.

अंकुरांवरच्या पेशी तीन ते पाच दिवस जगतात. मग गळून पडतात आणि खालून नव्या वर येतात. हे सतत चालू असतं, आणि त्यासाठी लागणारा बराचसा पोषक भाग या पेशी रक्ताची वाट न बघता समोरून जाणाऱ्या अन्नातूनच उचलतात. ज्या रुग्णांना दीर्घकाळ फक्त शिरेतून पोषण द्यावं लागतं, त्यांचे अंकुर आखूड होतात, कारण आतड्यातून काही जातच नाही. तेव्हा ‘आतड्याला आराम देतो’ म्हणून खाणं तोडलं की आराम मिळत नाही, उपास घडतो. तुम्ही तीन महिने नेमकं हेच करताय, म्हणून यावर जोर देतोय.

आता मक्याचे दाणे. मका, आळसांदे, टोमॅटो, पालेभाजी, मिरचीचं बी, या सगळ्यांचं बाहेरचं आवरण बरंचसं सेल्युलोजसारख्या चिवट तंतूंचं. असे तंतू फोडणारा पाचक रस माणसाच्या शरीरात तयार होत नाही, कुणाच्याच नाही, कितीही धडधाकट असो. दाणा चावला गेला तर आतलं पिठूळ सत्त्व आतड्यात निघून जातं आणि साल पुढे जाते. मळात जो ‘अख्खा दाणा’ दिसतो तो अनेकदा रिकामं टरफल असतं. चावलाच गेला नसेल तर मात्र आतला ऐवजही साबूत निघतो. अर्ध्या तासाच्या सुटीत डबा संपवून परत मशीनवर उभं राहायचं असेल तर घास चावला जात नाही, गिळला जातो. तायखिळ्याच्या पानाचंही तेच. पावसाळ्यात आपण ही भाजी आवडीने खातो, तिच्या शिरा आणि पानाचा सांगाडा मळात दिसणारच. मी रुग्णाला उलट विचारतो: भात कधी तसाच दिसला का? माशाचा तुकडा दिसला का? अंडं दिसलं? उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’ असतं. मासळी, अंडं आणि भात यांचा फार मोठा भाग लहान आतडं संपायच्या आत शोषला जातो, म्हणून तो दिसत नाही. तुम्हाला दिसत होत्या त्या साली आणि पानं, आणि सोडलीत काय, तर मासळी!

दुसरी शंका तुम्ही लिहिलीय की जेवण झालं की लगेच जावं लागतं, म्हणजे अन्न आत थांबतच नाही. जठरात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला आकुंचनाचा इशारा जातो. ही शरीराची नैसर्गिक प्रतिक्रिया आहे, लहान बाळांत ती सगळ्यात ठळक दिसते. त्या वेळी बाहेर पडतं ते आत्ताचं जेवण नसतं, कालचं किंवा परवाचं असतं. निरोगी माणसात तोंडापासून बाहेर पडेपर्यंत साधारण एक ते तीन दिवस लागतात, आणि त्यातला बराचसा वेळ मोठ्या आतड्यात जातो. पडताळा हवा असेल तर एका जेवणात मका खा, पुढचे तीन-चार दिवस खाऊ नका, आणि दाणे कधी दिसतात ते बघा.

मळाच्या रूपावर विसंबू नये असं मी का म्हणतो, त्याचं उलट बाजूचं उदाहरण देतो. सत्तरी तालुक्यातल्या एका गावातली पन्नाशीची बाई माझ्याकडे आली होती, सोबत मुलगा. तक्रार पोटाची नव्हतीच. चालवत नाही, पायांवर सूज, जीभ सोलल्यासारखी लाल, ब्लाउज सैल झालेले. मळात कधी काही दिसलं का विचारलं तर म्हणाली, काही नाही, फक्त जास्त होतं, फिकट होतं, आणि पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहतं. हिमोग्लोबिन खाली, बी-१२ आणि फॉलिक आम्ल खाली, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन खाली. दुर्बिणीत ड्युओडेनमच्या कड्या विरलेल्या होत्या आणि ती लव जवळजवळ नव्हती. बायोप्सीत अंकुर आखडलेले निघाले. गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सिलिअ‍ॅक आजाराची रक्ततपासणी निगेटिव्ह होती, जंत नव्हते, क्षय नव्हता. उष्ण कटिबंधात होणारा स्प्रू नावाचा विकार होता तो. काही महिने टेट्रासायक्लिन, फॉलिक आम्ल, बी-१२ दिलं, आणि ती बाई भरून आली. तिच्या मळात मक्याचा एक दाणा कधी दिसला नव्हता, पण शोषण मात्र बिघडलेलं होतं.

शोषण बिघडल्याच्या खुणा अशा असतात. पुरेसं खाऊनही वजन उतरत राहतं. रक्त कमी होतं. मळ फिकट, भरपूर, तेलकट, उग्र वासाचा आणि भांड्याला चिकटणारा होतो. नुसता तरंगणारा मळ याची खूण नाही, तो बहुधा त्यातल्या वायूमुळे तरंगतो. आतड्याचा कुठला भाग बिघडलाय याचा अंदाजही कमतरतेवरून लागतो. लोह मुख्यतः सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, फॉलिक आम्ल थोडं पुढे, आणि बी-१२ अगदी शेवटच्या टप्प्यात, जिथे लहान आतडं मोठ्याला मिळतं. पित्तातली आम्लंही तिथेच परत घेतली जातात. आपल्या देशात आतड्याचा क्षय नेमका त्या सांध्यावर बसतो, म्हणून उजव्या बाजूला खाली दुखणं, संध्याकाळचा ताप आणि वजन उतरणं हे तीन एकत्र आले की मी वाट बघत नाही.

आता तुमचं वजन. तुम्ही पुरेसं खाऊन वजन उतरलंय का? नाही. दोन्ही वेळा पेज, मासळी बंद, कडधान्यं बंद, आणि दर आठवड्याला एक जुलाब. निरोगी आतड्याच्या माणसाचंही वजन यात उतरेल. म्हणून हे तीन किलो आतड्याच्या माथी मारायला मी तयार नाही, निदान अजून तरी नाही. खाणं पूर्ववत करूनही वजन घसरत राहिलं तर माझं मत बदलेल.

चिकटलेल्या मळाबद्दल. मोठ्या आतड्याची तपासणी करायच्या आदल्या रात्री रुग्णाला औषध घातलेलं पाणी पाजून पोट रिकामं करतात. दुसऱ्या दिवशी दुर्बीण आत जाते तेव्हा भिंत गुलाबी, ओलसर, चकाकणारी दिसते, खालच्या रक्तवाहिन्यांचं बारीक जाळं स्पष्ट दिसतं. मुळव्याधीचे रुग्ण बघितलेत, कित्येक वर्षांच्या बद्धकोष्ठाचे बघितलेत, ऐंशी पार केलेले बघितलेत. वर्षानुवर्षांचा थर म्हणून जे सांगतात तो मला कुणातही दिसलेला नाही, आणि तो असूही शकत नाही, कारण ज्या भिंतीला तो चिकटायचा तिचे वरचे थर काही दिवसांत गळून नवे येतात. बद्धकोष्ठात मळाचे कडक खडे साचतात हे खरं, पण ते अडकलेले असतात, भिंतीला लेप दिल्यासारखे चिकटलेले नसतात.

मग एरंडेल घेतल्यावर एवढं सगळं निघतं ते काय? एरंडेल लहान आतड्यात फुटून त्यातून एक आम्ल सुटतं, ते आतड्याच्या स्नायूंना आवळायला लावतं. आतडं जे अजून शोषत होतं तेच पाण्यासकट बाहेर फेकलं जातं. त्याचबरोबर पोटॅशियम जातं, मीठ जातं. मग सोमवार-मंगळवारी पोट साफ होत नाही, कारण आतडं रिकामं असतं, भरायला वेळ लागतो. माणसाला वाटतं पुन्हा मळ साचला, आणि येणाऱ्या रविवारी पुन्हा बाटली उघडते. हा फेरा मी फार घरांत पाहिलाय. आजीच्या काळी वर्षातून एखाद्या वेळी मुलांना एरंडेल पाजत, त्याने फारसं बिघडत नसे. दर आठवड्याला घेणं ही वेगळी गोष्ट आहे. आतडं पाण्याने धुण्याचा उपचार तर कुठल्याच आजारावर सिद्ध झालेला नाही. त्यात क्षारांचा तोल बिघडतो, आणि नळी टोचून आतड्याला छिद्र पडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

मोठ्या आतड्यात जे जिवाणू असतात त्यांनाही हे धुणं मानवत नाही. ते आपले वैरी नाहीत. आपण पचवू न शकलेल्या साली आणि तंतू ते आंबवतात, आणि त्यातून तयार होणारं ब्युटिरेट नावाचं आम्ल मोठ्या आतड्याच्या भिंतीचं मुख्य खाद्य आहे. म्हणजे ज्या साली बघून तुम्ही घाबरलात त्यातल्याच काहींवर तुमचं मोठं आतडं पोसलं जातं. आंबवताना वायू होतो हे खरं. आळसांदे, हरभरे, वाटाणे यांत काही शर्करा अशा असतात की त्या फोडायचा पाचक रस आपल्याकडे नसतो, त्या थेट जिवाणूंच्या हाती जातात आणि पोट फुगतं. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात मऊ शिजवलं की त्रास बराच कमी होतो. तोणाक (कडधान्याचं वाटण घातलेलं कालवण) करताना घरात हे बहुधा होतंच, पण कँटीनच्या उसळीत होत असेल याची खात्री नाही.

पेजेविषयी मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण तिच्यावर माझं प्रेम आहे आणि तुमच्या आईने ती दिली ती काही उगाच नाही. लहान आतड्याच्या पेशींत एक दार असं आहे की ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम हातात हात घालून आले तरच ते उघडतं, आणि ते दोघे आत गेले की त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. ही कल्पना १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी मांडली. पटकीसारख्या रोगात जुलाब थांबत नसतानाही हे दार शाबूत राहतं. त्याच आधारावर १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी लोकांना प्यायला दिलं. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. फार्मसीत मिळणारी ओआरएसची पुडी हे त्याच कामाचं फळ.

उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज याच तत्त्वावर चालते. तांदळाचं पिष्ट आतड्यात हळूहळू ग्लुकोज होतं, मीठ सोबत असतंच, पाणी भरपूर. वांती-जुलाबाच्या पहिल्या दिवसांत, तापातून उठल्यावर, पावसाळ्यात बाहेरचं काहीतरी खाऊन पोट बिघडल्यावर पेजेसारखं दुसरं काही नाही. माझ्या रुग्णांना मी ती आवर्जून सांगतो. मात्र आपल्याकडे पेज एकटी कधी नव्हती. शेतावरून आलेला माणूस दहा-अकराच्या सुमाराला पेज घ्यायचा ती सुकं खारं, भाजलेला बांगडा, आदल्या रात्रीचं हुमण (माशांचं कालवण), निदान तोरांच्या (कोवळ्या कैऱ्यांच्या) लोणच्याबरोबर, आणि दुपारी पुन्हा पूर्ण शीतकढी, म्हणजे भात-कालवण, असायची. तुम्ही सोबतचं सगळं काढून फक्त पेज ठेवलीत. तिच्यात प्रथिनं नावापुरती, लोह जवळजवळ नाही, बी-१२ अजिबात नाही. आणि ज्याची साखर वाढलेली आहे त्याच्या बाबतीत मऊ, पातळ शिजलेला भात दोन्ही वेळा, सोबत काही नाही, म्हणजे साखर झपाट्याने चढणार. साखर ताब्यात नसली की लघवीवाटे ती निघून जाते आणि वजन उतरतं. तुमच्या तीन किलोंमागे हेही असू शकतं.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येतो. माझ्या दृष्टीने तुम्ही लिहिलेल्यातली सगळ्यात मोलाची ओळ तीच. गोळी चार महिन्यांपूर्वी सुरू झाली आणि तक्रार तीन महिन्यांची. गोळीचं नाव तुम्ही दिलं नाही, पण नव्याने निदान झालेल्या मधुमेहात पहिली गोळी बहुधा मेटफॉर्मिन असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे ही गोळी आपल्याकडे घराघरांत आहे. ती चांगली, स्वस्त, जुनी जाणती गोळी आहे. पण बऱ्याच लोकांना तिच्यामुळे पोट फुगणं, गुडगुड आणि पातळ शौच हा त्रास होतो. ती आतड्याच्या भिंतीत रक्तापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात साठते. पित्तातली आम्लं शेवटच्या टप्प्यावर परत घेण्याच्या कामात ती अडथळा आणते, ती मोठ्या आतड्यात जातात आणि पाणी ओढतात, असं एक कारण मानलं जातं. उपाय सोपा असतो: मात्रा कमी करून हळूहळू वाढवणं, जेवणासोबत घेणं, किंवा सावकाश विरघळणारी गोळी देणं. पण हे तुमच्या डॉक्टरांना विचारून करा. गोळी मनाने बंद करू नका. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं, म्हणून तेही मधूनमधून तपासावं लागतं.

साखर निघाल्यापासून ‘शुगर फ्री’ बिस्किटं किंवा चॉकलेटं सुरू केलीत का? त्यांत घातलेलं सॉर्बिटॉल, माल्टिटॉल आतड्यात नीट शोषलं जात नाही आणि पोट फुगवतं. रात्रपाळीत दुधाचा चहा किती होतो? आपल्याकडच्या पुष्कळ प्रौढांत दुधातली शर्करा फोडणारा पाचक रस कमी झालेला असतो. एक कप चहाचं दूध सोसतं, रात्रभरात पाच-सहा कप सोसेलच असं नाही. दोन आठवडे काळा चहा पिऊन बघा, फरक पडला तर कळेलच. आणि फेणी किंवा इतर दारू रोज घेत असाल तर डॉक्टरांना न लाजता सांगा. बरीच वर्षं दारू घेणाऱ्यात स्वादुपिंड दुखावतं, चरबी फोडणारा रस कमी पडतो, आणि मग ते तेलकट शौच सुरू होतं. तुमच्या वयाला ते लक्षात ठेवावंच लागतं.

हे सगळं लक्षात घेऊन, तुम्ही माझ्यासमोर बसला असतात तर मी एंडोस्कोपीपासून सुरुवात केली नसती. आधी साध्या तपासण्या: हिमोग्लोबिनसकट पूर्ण रक्ततपासणी, बी-१२, फेरिटिन (लोहाचा साठा), अल्ब्युमिन, थायरॉइड, तीन महिन्यांची सरासरी साखर. मळाची तपासणी, कारण पावसाळ्यात विहिरीचं पाणी न उकळता प्यायलं की जिआर्डिया नावाचा परजीवी लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच ठाण मांडतो आणि नेमका असाच फुगारा देतो. त्यावर काही दिवसांच्या गोळ्या पुरतात. सिलिअ‍ॅकची टीटीजी तपासणीही करावी, मात्र तोवर पोई, उंडे, चपाती बंद करू नका. गहू बंद केल्यावर ती तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. यातलं बरंचसं सरकारी दवाखान्यातून होतं, नाही झालं तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, होईल. हे सगळं ठीक निघालं आणि गोळीत बदल केल्यावर त्रास कमी झाला, तर दुर्बिणीची गरज बहुतेक पडणार नाही.

काही गोष्टी असतील तर मात्र थांबू नका. मळात रक्त किंवा डांबरासारखा काळा मळ, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, गिळायला त्रास, पोटात गाठ लागणं, घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला असणं. झोपेतून उठवणाऱ्या जुलाबांवर मी विशेष भर देतो. नुसतं हळवं झालेलं आतडं माणूस झोपला की सहसा शांत राहतं, आजारी आतडं राहत नाही. तुम्ही रात्रपाळीत असलात तर दिवसाच्या झोपेला हाच नियम लावा.

खाणं परत कसं सुरू करायचं हेही विचारलंयत. पहिल्या आठवड्यात पेज एका वेळेला ठेवा आणि तिच्यासोबत वाफवलेला किंवा हुमणातला बांगडा, तारलो, जे ताजं मिळेल ते, किंवा अंडं. शिवराकाच्या (शाकाहाराच्या) दिवशी मुगाची डाळ. दुसऱ्या जेवणात भात कमी, भाजी शिजलेली, मासळी पुन्हा. दुसऱ्या आठवड्यात भिजवून पाणी टाकलेले आळसांदे, अर्धी वाटी. नवीन वस्तू एका वेळी एकच वाढवा, म्हणजे कशाने फुगलं ते कळेल. मका आणि टोमॅटो कधीही खा, फक्त चावून, आणि नंतर भांड्यात डोकावून बघायचं थांबवा. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर करून वहीत लिहा. असं महिनाभर जेवूनही ते आणखी उतरलं, तर तो वजनाचा कागद घेऊन पोटविकारतज्ज्ञाकडे जा आणि अंकुरांची बायोप्सी हवी का ते त्यांना विचारा. रिपोर्ट हातात आले की इथे आकड्यांसकट लिहा, गोळीचं नाव आणि मात्राही लिहा.